बारा की पंधरा? शिरा फेऱ्या मोजत नाहीत

जगज्जेतेपदाच्या बॉक्सिंग लढती पुन्हा १५ फेऱ्यांच्या करा, खरा विजेता शेवटच्या तीन फेऱ्यांतच कळतो, ही मागणी अधूनमधून डोकं वर काढते. त्यावर ठरलेलं उत्तर येतं: मेंदूच्या सुरक्षेसाठी १२ ठरल्या, विषय संपला. दोन्ही बाजू आकड्यातच अडकल्या आहेत.

१३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास व्हेगासमध्ये रे मँचिनीशी लढताना दक्षिण कोरियाचा किम डुक-कू १४व्या फेरीच्या सुरुवातीलाच कोसळला आणि काही दिवसांत गेला. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने लगोलग फेऱ्या १२ केल्या. बाकीच्या मोठ्या संघटनांनी १९८०चं दशक संपेपर्यंत तेच केलं. मारामारीची वेळ ४५ मिनिटांवरून ३६ वर आली.

पण रिंगमधला मृत्यू बहुतेकदा येतो कसा? हनुवटीवर बसलेला हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, घ्या. डोकं साधारण ५ किलोचं, मानेवर तोललेलं. हनुवटी फिरण्याच्या अक्षापासून लांब, म्हणून तेवढ्याच जोराला तिथे तरफ जास्त मिळते आणि डोकं गर्रकन फिरतं. आतला मेंदू मात्र जडत्वामुळे क्षणभर मागे राहतो. पाण्याचं पातेलं झटक्यात फिरवा, वर तरंगणारं पान जागच्या जागी राहतं, तसंच. आता मेंदूच्या पृष्ठभागावरून निघालेल्या काही नाजूक शिरा कवटीलगतच्या जाड आवरणातल्या मोठ्या शिरेला मिळतात. एक टोक मेंदूकडे, दुसरं कवटीकडे. दोन्ही वेगवेगळे हलले की ताण यांच्यावर येतो आणि एखादी फाटते.

रक्त आवरणाखाली साचू लागतं. शिरेतला दाब कमी, त्यामुळे गळती संथ असू शकते. कवटी काही फुगत नाही. सुरुवातीला मेंदूभोवतीचं पाणी कण्याकडे सरकून जागा करून देतं. तोवर खेळाडू लढतोय, बोलतोयसुद्धा. ही सोय संपली की थोड्याशा जादा रक्तानेही दाब झपकन चढतो, मेंदूस्तंभ (श्वास सांभाळणारा मेंदूचा तळचा भाग) दाबला जातो, एका डोळ्याची बाहुली मोठी होते.

उशिराच्या फेऱ्यांचा संबंध इथे येतो. ठोसा येताना दिसला की मानेचे स्नायू आवळतात, डोकं धडाशी जोडलं जातं आणि कमी फिरतं. दमलेल्या माणसाचा हा आवळ उशिरा येतो, गार्डही, म्हणजे चेहऱ्यासमोर धरलेले हात, खाली आलेला असतो. (‘मान जाड करा, नॉकआउट विसरा’ म्हणणारे व्हिडिओ हेच सांगत नाहीत: न दिसलेल्या ठोशाला जाड मानही वेळेत आवळत नाही. ग्लोव्हजवरही भिस्त ठेवू नका; ते मुख्यतः मारणाऱ्याच्या हाताची हाडं वाचवतात.)

म्हणून १५ पेक्षा १२ बऱ्या, यात शंका नाही. पण १५ फेऱ्यांच्या जमान्यातच बेनी पॅरेट (१९६२) आणि जॉनी ओवेन (१९८०) १२व्या फेरीत पडले, आणि दोघेही वाचले नाहीत. १९९१ साली लंडनमध्ये मायकेल वॉटसनची लढत मुळात १२ फेऱ्यांचीच होती. त्याचीही लढत शेवटच्याच फेरीत थांबवावी लागली. जीव वाचला, पण उपचाराला उशीर झाला आणि मेंदूला कायमची इजा राहिली. पुढे ब्रिटिश न्यायालयाने नियामक मंडळाला जबाबदार धरलं, ते रिंगशेजारी प्राणरक्षक उपचारांची सोय नव्हती म्हणून. फेऱ्यांच्या संख्येवरून नव्हे.

दोन फेऱ्यांमधल्या ६० सेकंदांत कॉर्नरने, म्हणजे खेळाडूच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षक-मदतनीसांनी, बघायचं ते हे: स्टुलाकडे येताना पाय सरळ पडतात का, प्रश्नाला लगेच उत्तर मिळतं का, डोकेदुखीची तक्रार आहे का. यातलं काही बिघडलं तर टॉवेल टाकून लढत थांबवायची, फेरी चौथी असली तरी.