दाखला मुदतीत मिळाला नाही तर: लोकसेवा हक्क कायद्यानुसार अर्ज, कागदपत्रे आणि अपील

दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्नाचा, जातीचा, अधिवासाचा आणि नॉन-क्रीमीलेअरचा दाखला मिळवण्यासाठी तहसील कार्यालयांत गर्दी होते, आणि त्याच दिवसांत आमदारांच्या संपर्क कार्यालयांतही ‘साहेबांनी एक फोन करावा’ अशी विनंती घेऊन पालक येऊ लागतात. ही विनंती चुकीची नसली, तरी तिच्यापेक्षा भक्कम आधार राज्य विधिमंडळानेच नागरिकांना दिलेला आहे. तो आधार म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. हा कायदा २८ एप्रिल २०१५ पासून अमलात आहे. त्याने अधिसूचित सेवा, म्हणजे या कायद्याखाली शासनाने जाहीर केलेल्या सेवा, ठरावीक मुदतीत मिळणे हा पात्र व्यक्तीचा कायदेशीर हक्क ठरवला. फोनची कुठेही नोंद होत नाही. अपिलाची होते, आणि त्यावर अधिकाऱ्याला लेखी निर्णय द्यावा लागतो. म्हणून या कायद्याची वाट प्रत्येक कुटुंबाला माहीत असली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

सेवेसाठी पात्रता त्या त्या सेवेच्या नियमांवरून ठरते. लोकसेवा हक्क कायदा ती बदलत नाही. पात्र व्यक्तीला ती सेवा कोणी द्यायची, किती दिवसांत द्यायची आणि न दिल्यास दाद कोणाकडे मागायची, एवढे तो निश्चित करतो. प्रत्येक कार्यालयाने आपल्या अधिसूचित सेवांची यादी, शुल्क, मुदत, पदनिर्देशित अधिकारी (म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो अधिकारी) आणि प्रथम व द्वितीय अपील अधिकारी यांची माहिती दर्शनी फलकावर लावणे बंधनकारक आहे. महसूल विभागाच्या सेवांमध्ये उत्पन्नाच्या दाखल्यासाठी १५ दिवस, वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्रासाठी १५ दिवस, तर जातीच्या आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रासाठी २१ दिवस अशी मुदत ठरलेली आहे. अर्ज करण्यापूर्वी तो फलक वाचावा आणि शक्य असल्यास मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण पुढे अपील करावे लागले तर अधिकाऱ्याचे पदनाम तिथूनच मिळते.

अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर स्वतः नोंदणी करून करता येतो किंवा गावातल्या आपले सरकार सेवा केंद्रातून भरता येतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परराज्यात असलेल्यांना पोर्टलचा मार्ग विशेष सोयीचा आहे. ओळखीसाठी आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, पॅन कार्ड, पारपत्र, वाहन परवाना किंवा रोजगार हमीचे जॉब कार्ड यांपैकी एक पुरते. पत्त्यासाठी शिधापत्रिका, वीजबिल, पाणीपट्टी किंवा मालमत्ता कराची पावती, सातबारा व आठ-अ चा उतारा, भाडेपावती यांपैकी एक चालते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी यांखेरीज आयकर विवरणपत्र, नोकरदारांचा फॉर्म १६ किंवा तलाठी अथवा मंडळ अधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल लागतो. हा दाखला साधारणपणे ३१ मार्चपर्यंतच वैध असतो, त्यामुळे गेल्या वर्षीच्या दाखल्यावर विसंबून राहू नये. अधिवास प्रमाणपत्रासाठी महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. कागदपत्रांच्या प्रतींवर स्वतःची सही करून त्या साक्षांकित करता येतात आणि बहुतेक ठिकाणी शपथपत्राऐवजी स्वयंघोषणापत्र चालते. शासनाने ही सवलत २०१५ सालीच दिली आहे.

जातीच्या दाखल्यासाठी मात्र कागदपत्रांची जमवाजमव बरीच आधी सुरू करावी लागते, कारण इथे आजचा पत्ता नव्हे, तर कुटुंबाचे जुने वास्तव्य आणि जातीची जुनी नोंद महत्त्वाची असते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे मानीव दिनांक, म्हणजे कुटुंबाचे वास्तव्य ज्या दिवसाचे पाहिले जाते ते दिनांक, आहेत. त्या दिनांकाला अर्जदाराचे वडील, आजोबा किंवा पणजोबा ज्या गावी राहत होते, त्या भागाच्या सक्षम अधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुतेक वेळा तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अर्ज करावा लागतो. बीड जिल्ह्यातले कुटुंब दोन पिढ्यांपासून पुण्यात राहत असले, तरी मानीव दिनांकाला ते बीडमध्ये असेल तर सर्वसाधारणपणे अर्ज बीडकडेच जातो. पुण्यात अर्ज करून महिनाभराने तो परत आल्यामुळे प्रवेशाची मुदत हुकते, आणि हे टाळता येण्यासारखे आहे. पुराव्यासाठी अर्जदाराचा शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचा आणि आजोबांचा शाळेच्या जनरल रजिस्टरमधील उतारा, गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतला किंवा कोतवाल बुकातला (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतला) उतारा, जुन्या महसुली नोंदी आणि वंशावळीचे शपथपत्र जोडावे. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर त्यांच्या भावंडांच्या आणि चुलत नातेवाइकांच्या नोंदी शोधाव्यात. वंशावळीतून नाते सिद्ध झाले की त्या उपयोगी पडतात. विवाहित स्त्रीची जात विवाहाने बदलत नाही, म्हणून तिने माहेरची कागदपत्रे द्यावीत. नॉन-क्रीमीलेअरसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. तिच्यात आई-वडिलांचे वेतन आणि शेतीचे उत्पन्न धरले जात नाही. नोकरीतील त्यांच्या पदाचा निकष वेगळा तपासला जातो. जात वैधता प्रमाणपत्र ही पडताळणी समितीकडची स्वतंत्र प्रक्रिया आहे, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

अर्ज दाखल झाला की पोच घेतल्याशिवाय परतू नये. पोचपावतीवर अर्जाचा विशिष्ट क्रमांक, दिनांक आणि सेवा मिळण्याची मुदत असणे कायद्याला अपेक्षित आहे आणि आवश्यक कागदपत्रांसह परिपूर्ण अर्ज मिळाल्याच्या दिवसापासूनच मुदत मोजली जाते. ‘कागद ठेवून जा, बघतो’ एवढ्यावर समाधान मानले, तर मुदत कधी सुरू झाली हे पुढे सिद्ध करता येत नाही. त्रुटी असेल तर ती लेखी मागावी. अर्ज नाकारला तर कारणे लेखी कळवणे, तसेच अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करता येईल हे सांगणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. निवडणूक किंवा नैसर्गिक आपत्ती असेल, तर मुदत वाढवण्याची तरतूद कायद्यात आहे.

मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला गेला, तर त्या दिवसापासून ३० दिवसांत प्रथम अपील अधिकाऱ्याकडे अपील करावे. पुरेसे कारण असल्यास उशिरा केलेले अपीलही स्वीकारता येते, पण ९० दिवसांच्या पलीकडे नाही. अपिलात अर्जाचा क्रमांक, दाखल केल्याचा दिनांक, मुदत संपल्याचा दिनांक आणि आपली मागणी एवढेच नेमके लिहावे व पोचेची प्रत जोडावी. मुदत आणि दिनांक यांवरच निर्णय होत असल्याने दीर्घ तक्रारीची गरज नसते. पोर्टलवर ज्या खात्यातून अर्ज केला, तिथूनच ऑनलाइन अपीलही करता येते. म्हणून सेवा केंद्रातून अर्ज भरताना आपलाच मोबाइल क्रमांक नोंदवला आहे ना, याची खात्री करावी.

प्रथम अपिलाचा निर्णय ३० दिवसांत अपेक्षित आहे. निर्णय मान्य नसेल तर तो कळल्यापासून ३० दिवसांत द्वितीय अपील करता येते. निर्णयच आला नाही, तर प्रथम अपील केल्यापासून ४५ दिवसांनी द्वितीय अपिलाचा मार्ग मोकळा होतो. द्वितीय अपील ४५ दिवसांत निकाली काढायचे असते. पुरेशा कारणाशिवाय सेवा दिली नाही असे आढळले, तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तो त्याच्या वेतनातून वसूल केला जातो. प्रथम अपील अधिकाऱ्याने वारंवार निर्णय लांबवले किंवा दोषी अधिकाऱ्याला पाठीशी घातले, तर त्यालाही दंडाची तरतूद आहे.

यानंतरची पायरी राज्य सेवा हक्क आयोगाची. द्वितीय अपिलाच्या आदेशाने समाधान झाले नाही, तर ६० दिवसांत आयोगाकडे तिसरे अपील करता येते आणि आयोगाने ते ९० दिवसांत निकाली काढायचे असते. मुंबई शहर व उपनगर मुख्य आयुक्तांच्या कक्षेत येतात, तर उर्वरित राज्यासाठी महसूल विभागनिहाय आयुक्त असतात. या अपिलासोबत मूळ अर्जाची पोच आणि आधीच्या दोन्ही अपिलांच्या व आदेशांच्या प्रती जोडाव्यात. अर्जात किंवा स्वयंघोषणापत्रात जाणीवपूर्वक खोटी माहिती दिल्यास मात्र अर्जदारावरच फौजदारी कारवाई होऊ शकते, त्यामुळे कोणी दुसऱ्याने भरलेला अर्ज ओळ न् ओळ वाचूनच त्यावर सही करावी.