नक्षीच्या आधी रबर बघा

पावसाळ्यात बाइकवरून ठाण्याहून माळशेजला जाताना शंभरेक किलोमीटरांत टायरखालून काय काय जातं, याची यादीच करून बघा. आधी काँक्रीट, मग उड्डाणपुलांचे लोखंडी सांधे, सिग्नलजवळचे शेवाळलेले पेव्हर ब्लॉक. मुरबाडच्या पुढे डांबर उखडलेले खड्डे आणि त्यांत घाईने ओतलेली खडी. शेवटी घाटात डोंगरावरून थेट रस्त्यावर उतरणारं पाणी आणि त्याबरोबर आलेली माती. नवी मुंबईकरांची वाट वेगळी. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, म्हणून पनवेल-खोपोलीचा जुना रस्ता धरायचा, नाहीतर पेणकडे गोवा महामार्ग. मिसळ मात्र तीच.

अशा रस्त्यांसाठी टायर घ्यायला गेलेला माणूस दुकानात आधी नक्षी बघतो. ठोकळे मोठे, खाचा खोल, म्हणजे पावसात पकड जास्त, असा हिशेब. चिखलात तो खरा आहे. ओल्या डांबरावर आणि काँक्रीटवर तो बराचसा उलटा पडतो, आणि आपला नव्वद टक्के पावसाळी प्रवास डांबर-काँक्रीटवरच होतो.

उलटा का, ते कळण्यासाठी टायर रस्त्याला किती टेकतो ते पाहू. बाइक आणि स्वार मिळून २७० किलो धरा. त्यातले साधारण १४८ किलो मागच्या चाकावर येतात. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो दाब. भागाकार केला की उरतात जेमतेम ६६ चौरस सेंटिमीटर. टायरच्या स्वतःच्या कडकपणामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण सगळी भिस्त बोटं सोडून उरलेल्या तळहाताएवढ्या रबरावर आहे. त्यात जितक्या खाचा, तितकं टेकणारं रबर कमी. शिवाय उंच, सुटे ठोकळे ब्रेक लावताना आणि वळणावर वाकतात. अशा सुट्या ठोकळ्यांचा बटण टायर ओल्या रस्त्यावर 'तरंगल्यासारखा' वाटतो तो यामुळेच.

रबर रस्त्याला दोन प्रकारे धरून ठेवतं. पहिला प्रकार चिकटण्याचा: रबराचे रेणू आणि रस्त्याचा दगड अगदी जवळ आले की त्यांच्यात ओढ निर्माण होते. मध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा आला तरी ही ओढ जवळजवळ संपते. दुसरा प्रकार पावसात कामाला येतो. रस्त्यावरच्या खडीचे बारीक उंचवटे रबरात रुततात, रबर दबतं आणि पुन्हा फुगतं, पण दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही. काही ऊर्जा उष्णता होऊन जाते, आणि तीच घसरण रोखते. चेंडूच्या भाषेत सांगायचं तर पावसात उसळणारं रबर नको, मेल्यासारखं पडणारं हवं.

पण असं 'मेलेलं' रबर गरम होतं, इंधन खातं आणि लवकर झिजतं. ही अडचण सिलिकाने, म्हणजे वाळूत असणाऱ्या पदार्थाच्या बारीक पुडीने, बरीच सोडवली. पूर्वी रबरात मजबुतीसाठी फक्त काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक घालत. १९९२ मध्ये मिशलँ या फ्रेंच टायर कंपनीने काजळीचा मोठा हिस्सा काढून त्याजागी सिलिका घातलेला मोटारीचा टायर बाजारात आणला, आणि पुढे ही युक्ती दुचाकींच्या टायरमध्येही आली. गंमत अशी की ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला आठ-साडेआठ फेरे मारतं, म्हणजे टायरचा प्रत्येक भाग तितक्याच वेळा दबतो. घसरू पाहणारं रबर मात्र खडीच्या बारीक दाण्यांवरून सेकंदाला हजारो वेळा थरथरतं. सिलिका असलेलं रबर संथ दबण्यात कमी ऊर्जा गमावतं आणि जलद थरथरण्यात जास्त. म्हणून मायलेजही राहतं आणि ओल्यात पकडही मिळते. टायरच्या माहितीपत्रकात सिलिकाचा उल्लेख आहे का, हा दुकानात विचारण्याजोगा पहिला प्रश्न आहे.

खडी रबरात रुतण्याच्या या दुसऱ्या प्रकाराला रस्त्याचा खरखरीतपणा लागतो. त्यामुळे एक कटू सत्य आपोआप कळतं. मेट्रोच्या कामाच्या ठिकाणी टाकलेली लोखंडी प्लेट, पुलाचा सांधा, झेब्रा क्रॉसिंगचा जाड पांढरा पट्टा या जागी रबराला रुतायला काहीच मिळत नाही. तिथे पाच हजारांचा टायर आणि पंधरा हजारांचा टायर सारखेच. गाडी सरळ ठेवून, ब्रेक न लावता पार व्हायचं, एवढाच उपाय. पहिल्या पावसातलं तेल आणि धूळ मिसळलेलं पाणी त्याच जातीचं.

मग खाचा कशासाठी? साचलेल्या पाण्यासाठी. पाणी वाट मिळून बाहेर गेलं नाही, तर वेग वाढताच ते टायरखाली पाचरीसारखं घुसतं आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर चढतं. १९६३ मध्ये नासाच्या वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी विमानांच्या टायरवरून याचा हिशेब मांडला: हा वेग टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्यांच्या सूत्राने ३२ पीएसआयला तो ताशी ९४ किलोमीटर येतो, २४ पीएसआयला ८२ आणि २० पीएसआयला ७५. बाइकचा टायर गोल आणि अरुंद, होडीच्या नाळेसारखा पाणी कापत जाणारा, म्हणून प्रत्यक्षात त्याला यापेक्षा जास्त वेग लागतो. दिशा मात्र तीच: हवा कमी, तर धोका लवकर.

'पावसात हवा थोडी कमी ठेवा, पकड वाढते' हा पंपावर फुकट मिळणारा सल्ला म्हणूनच घेऊ नये. हवा कमी केली की टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा मिटतात आणि पाण्याची वाट बंद होते. वर खड्ड्यात रिमला पोच पडते ती वेगळीच. गाडीच्या पुस्तिकेतला दाब टायर थंड असताना, म्हणजे किमान दोन-तीन तास गाडी उभी असताना भरावा. डबल सीट आणि सामान असेल तर पुस्तिकेप्रमाणे मागे सहसा दोन ते चार पीएसआय जास्त. कच्च्या रस्त्यावर मुद्दाम हवा कमी करायचीच असेल, तर डांबरावर येताच भरायला छोटा पंप जवळ हवा. नसेल तर तो प्रयोग नको.

टायरवरचे किंवा जाहिरातीतले ८०/२०, ५०/५० हे आकडे किती टक्के रस्ता आणि किती टक्के कच्चा, हे सांगतात. त्यांना कोणतंही प्रमाणित मोजमाप नाही, ते कंपनीचं मत असतं. तरी दिशा कळते. ज्याची भटकंती रस्त्याची आहे आणि कच्चा म्हणजे धरणाकडे किंवा गडाच्या पायथ्याला जाणारे शेवटचे चार-पाच किलोमीटर, त्याने ८०/२० किंवा त्याहून रस्त्याकडे झुकणारा टायर घ्यावा. मधोमध सलग रबर, कडेला मोठे पण एकमेकांना जोडलेले ठोकळे, अशी त्याची ओळख. ५०/५० तेव्हाच, जेव्हा आठवड्याच्या आठवड्याला खडी आणि मुरूम तुडवायचा असेल. आणि भाताच्या खाचरालगतच्या चिकट चिखलात ८०/२० काय नि ५०/५० काय, दोन मिनिटांत खाचा भरतात आणि टायरचा गोटा होतो. दुसरं टोकही टाळावं. स्पोर्ट टायरचं मऊ रबर तापल्यावर खुलतं, आणि घाटातल्या संततधारेत ते तापतच नाही.

आता टायरच्या बाजूवर काय छापलंय ते वाचा. १४०/७०-१७ ६६ एच यात १४० ही मिलिमीटरमधली रुंदी, ७० म्हणजे उंची रुंदीच्या ७० टक्के, १७ इंची रिम. आडव्या रेघेऐवजी आर असेल तर टायर रेडियल, म्हणजे आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असलेला; साध्या टायरमध्ये ते तिरके असतात. ६६ म्हणजे ३०० किलो भार, एच म्हणजे ताशी २१० पर्यंतचा वेग. पी म्हणजे १५०, एस म्हणजे १८०. भार आणि वेगाची खूण मूळ टायरपेक्षा खाली नको. पुढे रेडियल आणि मागे साधा, किंवा उलट, अशी जोडीही कंपनीने सांगितल्याशिवाय लावू नये.

रुंद टायरचा मोह हा स्वतंत्र आजार आहे. १४०/७०-१७ ला साधारण साडेतीन ते साडेचार इंची रिम लागतो. तो अरुंद रिमवर बसवला की कडा आत ओढल्या जातात, माथा टोकदार होतो, सरळ जाताना टेकणारा भाग घटतो आणि वळायला गाडी जड होते. चेन किंवा मडगार्डला घासतो तो आणखी एक ताप. रुंद दिसणाऱ्या टायरची पकड कमी, असा उफराटा व्यवहार.

मग तारीख. लंबगोल चौकटीतले चार अंक बघा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. वर्षापेक्षा जुना माल सवलतीतही घेऊ नये, असं आमचं मत. ऊन, उष्णता आणि ओझोनमुळे रबर कडक होतं, म्हणजे खडीत रुतण्याचा तो गुणच जातो. नक्षी शाबूत असली तरी पाच वर्षांनंतर टायरवर पावसात विसंबू नये. खाचेच्या तळाशी बारीक भेगा दिसल्या तर त्याआधीच बदलावा.

बसवताना बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना, ते स्वतः बघा. दोन्ही टायर एकत्र बदलताना गडबडीत हमखास चुकतं. ट्यूबलेस असेल तर वॉल्व्हही नवा टाका, चाक बॅलन्स करून घ्या. नव्या टायरचे पहिले १५०-२०० किलोमीटर सांभाळून काढायचे, वळणावर हळूहळू झुकत जायचं. थेट पावसाळी घाटात उद्घाटन नको.

झीज कळण्यासाठी खाचेत रबराचे छोटे उंचवटे असतात, दुचाकीत सहसा ०.८ मिलिमीटरचे. ती कायद्याची हद्द झाली, पावसाची नव्हे. दोन मिलिमीटर उरले की पाणी फेकण्याची क्षमता बरीच घटलेली असते, म्हणून मे महिन्यात मोजून घ्यावं. मागचा टायर आधी झिजतो, त्यामुळे लोक तोच बदलतात आणि पुढचा दोन-तीन मोसम तसाच चालतो. खरं तर ओल्यात पुढचा जास्त महत्त्वाचा: ब्रेकचा मोठा भार तोच घेतो आणि मागच्यासाठी पाणी तोच बाजूला सारतो. मागचं चाक सरकलं तर सावरायला वेळ मिळतो, पुढचं सरकलं की बहुधा मिळत नाही. पुढच्या टायरवर हात फिरवा. करवतीच्या दात्यांसारखं लागलं, तर खाच शिल्लक असली तरी त्याचं आयुष्य संपत आलंय.

पावसात पंक्चर जास्त होतात हा भास नाही. पाणी वंगणासारखं काम करतं, त्यामुळे काच आणि खिळा ओल्या रबरात सहज शिरतो. ट्यूबचा टायर क्षणात बसतो, ट्यूबलेस हळूहळू. पंक्चर सापडत नाही आणि हवा तर रोज दोन-तीन पीएसआय उतरते, अशा वेळी आधी वॉल्व्हची पिन तपासा. टोपी हरवलेल्या वॉल्व्हमध्ये चिखल जाऊन पिन नीट बसत नाही. बोटाने थोडं साबणाचं पाणी लावलं की बुडबुडा लगेच दिसतो.