'तरंगिणी'च्या आधीचे पाणी

नौदलाचे 'तरंगिणी' हे शिडांचे प्रशिक्षण जहाज बंदरात लागले की लोक त्याला जुन्या काळचे जहाज समजून फोटो काढतात. प्रत्यक्षात ते वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये बांधलेले, 11 नोव्हेंबर 1997 रोजी नौदलात आलेले पोलादी जहाज आहे. पोटात डिझेल इंजिनेही आहेत.

त्याची कुळकथा मात्र एका अपघाताकडे जाते. वाफेने शिडांचा धंदा बुडवला, तरी खलाशी घडवायला शिडेच बरी, ही समजूत जर्मनीत टिकून होती. 'पामीर' हे चार डोलकाठ्यांचे जहाज दुसऱ्या महायुद्धानंतरही त्याच भरवशावर चाले: खाली माल, वर शिकाऊ पोरे. 21 सप्टेंबर 1957 रोजी अटलांटिकमधल्या चक्रीवादळात ते बुडाले. गोण्यांत न भरता सुटेच ओतलेले बार्ली एका अंगाला सरकले होते. 86 पैकी 6 जण वाचले. माल आणि शिक्षण एकाच तळावर नेण्याचा हिशेब तिथेच मोडला. पुढच्याच वर्षी पश्चिम जर्मनीने केवळ प्रशिक्षणासाठी बांधलेले 'गोर्च फॉक' पाण्यात उतरवले.

ब्रिटनमध्ये अशी प्रशिक्षण जहाजे आखण्यात नाव झाले कॉलिन मुडी यांचे. गृहस्थ अवलिया. 1958 मध्ये पत्नीसह चौघे बलूनने अटलांटिक ओलांडायला निघाले, बलून समुद्रात उतरले, तेव्हा खालच्या पाळण्याचीच होडी करून बार्बाडोस गाठले! त्यांनी सागरी कॅडेटांसाठी आखलेल्या 'रॉयलिस्ट'च्या आराखड्यावर भारतात 1981 मध्ये दोन डोलकाठ्यांचे 'वरुणा' झाले. तीन डोलकाठ्यांची 'तरंगिणी'ही मुडींच्याच आराखड्यावरची.

क्षेपणास्त्रांच्या जमान्यात हा खटाटोप कशाला, असा प्रश्न येतोच. युद्धनौकेवर वाऱ्याची दिशा चुकली तरी इंजिन सांभाळून घेते. इथे चूक लगेच शिडांत फडफडते. पुढच्या दोन डोलकाठ्यांवरची आडवी शिडे सोडायची-आवळायची तर हलत्या जहाजावर उंच चढावे लागते, आणि एकट्याने ते जमत नाही. माझ्या मते ही भीती आणि ही शिस्त सिम्युलेटरवर मिळत नाही.

2003-04 मध्ये 'तरंगिणी'ने सुमारे 33,000 सागरी मैलांची पृथ्वीप्रदक्षिणा केली. भारतीय नौदलाच्या जहाजाची ती पहिलीच. मग त्याच गोवा शिपयार्डकडून नौदलाने तिची धाकटी बहीण 'सुदर्शिनी' करून घेतली. 20 शिडे आणि साडेसात किलोमीटर दोर घेऊन ती जानेवारी 2012 मध्ये कोचीला दाखल झाली.