मडकं वाजवून बघणाऱ्या संचालक

बाजारात मडकं घेताना आपण ते वाजवून बघतो. भूभौतिकशास्त्रज्ञ पृथ्वीचं तेच करतात. फक्त टिचकी मारायचं काम भूकंपाकडे असतं आणि तो वेळ सांगून येत नाही.

पुढे अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संचालक झालेल्या भूभौतिकशास्त्रज्ञ मेरियन वॉल्क यांनी कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात पीएचडी करताना असे २९ भूकंप निवडले. भूकंप मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले, यंत्रं दक्षिण कॅलिफोर्नियातली. मधली वाट कॅलिफोर्नियाच्या आखाताखालून जाते, जिथे समुद्रतळ फाकत चालला आहे. १,४०० हून जास्त भूकंपालेख, म्हणजे यंत्रांनी टिपलेल्या हादऱ्यांच्या नोंदी, तपासून १९८४ मध्ये त्यांनी तिथला ९०० किलोमीटर खोलीपर्यंतचा आराखडा मांडला. सुमारे ३९० आणि ६६० किलोमीटर खोलीवर भूकंपाच्या लाटांचा वेग एकदम वाढतो. तिथे घटक तेच असले तरी प्रचंड दाबामुळे खनिजांतले अणू जास्त दाटीनं बसतात. कंडक्टरनं ‘पुढे सरका’ म्हटल्यावर एसटीत होतं, तसंच काहीसं.

त्यानंतर अमेरिकेतलीच सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळा. इथलं त्यांचं एक काम मला सगळ्यात रोचक वाटतं. नेवाडातल्या युक्का पर्वताखाली अणुकचरा पुरायचा बेत होता आणि जवळच्याच वाळवंटात भूमिगत अणुचाचण्या चालत. चाचणीनं ते कोठार किती हादरेल? इथे टिचकी कुठे, कधी, केवढी हे आधीच ठाऊक, म्हणजे भूकंपवाल्यांची चैनच! पण सारख्याच अंतरावरून आलेला हादरासुद्धा वाटेतल्या खडकांप्रमाणे बदलतो, म्हणून प्रत्येक वाटेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. चाचण्या १९९२ मध्ये थांबल्या. या कामाचा त्यांचा गोषवारा १९९६ मध्ये आला.

पुढे त्या सँडियाच्या कॅलिफोर्निया शाखेच्या प्रमुख झाल्या. २०१९ पासून आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेत उपसंचालक होत्या. १९५१ मध्ये अणुभट्टीच्या विजेवर चार दिवे पेटले, ते याच आयडाहोत. २०२३ मध्ये त्या राष्ट्रीय ऊर्जा तंत्रज्ञान प्रयोगशाळेच्या संचालक झाल्या. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या १७ राष्ट्रीय प्रयोगशाळांपैकी सरकार स्वतः चालवतं ती ही एकच.

कोळसा आणि वायूवरचं संशोधन हा या प्रयोगशाळेचा जुना धंदा. आता धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड जमिनीत खोलवर कोंडायचाही अभ्यास तिथे चालतो. खाऱ्या पाण्यानं भरलेल्या वालुकाश्मात हा वायू शिरला की लाटा तिथून जरा सावकाश जातात. म्हणून वायू सोडण्याआधी एकदा आणि नंतर पुन्हा पुन्हा जमीन वाजवून बघायची. जिथे लाटा रेंगाळल्या, तिथवर वायू पोचला.