ॲनिमे, ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील

जपानमध्ये तयार होणाऱ्या ॲनिमेशन चित्रपटांना व मालिकांना जपानबाहेर ‘ॲनिमे’ म्हणतात; खुद्द जपानी भाषेत हा शब्द कोणत्याही देशाच्या ॲनिमेशनला लावला जातो. ब्रिटनमध्ये ॲनिमेचा चाहतावर्ग जुना आणि जाणकार आहे. चित्रपटगृहे, व्हिडिओ कॅसेट, डीव्हीडी आणि पुढे इंटरनेट अशा मार्गांनी तो वाढत गेला, मात्र दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकात ॲनिमेला तेथे कायमची जागा मिळाली नाही. फ्रान्स, इटली आणि स्पेन या देशांत १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून जपानी मालिका घराघरांत पाहिल्या जात होत्या, हे लक्षात घेता ही गोष्ट नवलाची वाटते. तिचे कारण ब्रिटिश प्रेक्षकांच्या आवडीनिवडीत शोधण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात ते वाहिन्यांच्या रचनेत आणि त्याहूनही अधिक भाषेच्या व्यवहारात सापडते.

इटलीत १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात खासगी स्थानिक वाहिन्यांचे पीक आले. त्यांच्याकडे प्रसारणाचे तास भरपूर होते आणि पैसा थोडा होता. लांबलचक जपानी मालिका स्वस्तात मिळत, म्हणून त्या उचलल्या गेल्या. फ्रान्समध्ये १९७८ साली एका महाकाय यंत्रमानवाची जपानी मालिका ‘गोल्डोराक’ या नावाने सरकारी वाहिनीवर आली आणि मुलांनी ती डोक्यावर घेतली. १९८७ ते १९९७ या काळात तेफ-अँ (टीएफ१) या खासगी वाहिनीवरील ‘क्लब डोरोथे’ या बालकार्यक्रमाने जपानी मालिकांचा धडाकाच लावला. ब्रिटनमध्ये अशी भूक नव्हती. १९८२ साली चॅनल फोर सुरू होईपर्यंत तेथे बीबीसीच्या दोन वाहिन्या आणि जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही एवढाच कारभार होता. पाचवी वाहिनी यायला १९९७ उजाडले. मुलांसाठी शाळा सुटल्यानंतरचे दीड-दोन तास आणि शनिवारची सकाळ एवढीच वेळ राखलेली असे. ती भरायला देशी निर्मिती पुरेशी होती आणि तिचा दर्जाही उत्तम होता. शिवाय आयटीव्हीवर परदेशी कार्यक्रमांचे प्रमाण दीर्घकाळ सुमारे १४ टक्क्यांपुरते मर्यादित होते. या तुटपुंज्या वाट्यात अमेरिकी मालिका आणि हॉलिवुडचे चित्रपट आधीच रांगेत उभे असत.

तरीही जपानी ॲनिमेशन ब्रिटिश पडद्यावर अजिबात नव्हते, असे म्हणता येत नाही. ते जपानी म्हणून ओळखले जात नव्हते, इतकेच. समुद्रतळाशी साहसे करणाऱ्या ‘मरीन बॉय’ची मालिका बीबीसीने १९६०च्या दशकाच्या शेवटी दाखवली होती. १९७९पासून बीबीसी वनवर आलेली ‘बॅटल ऑफ द प्लॅनेट्स’ ही मूळच्या ‘गाच्चामान’ या मालिकेची अमेरिकी आवृत्ती होती. तिच्यातील हिंसा व मृत्यूची दृश्ये कापून त्या जागी नव्याने रेखाटलेला एक बडबड्या यंत्रमानव घालण्यात आला होता आणि पृथ्वीवर घडणारी कथा अंतराळात नेऊन ठेवली होती. १९८०च्या दशकातील ‘डॉगटेनियन अँड द थ्री मस्कहाउंड्स’ आणि ‘अराउंड द वर्ल्ड विथ विली फॉग’ या स्पॅनिश-जपानी, तर ‘युलिसिस ३१’ व ‘द मिस्टीरियस सिटीज ऑफ गोल्ड’ या फ्रेंच-जपानी मालिका बीबीसीवर लोकप्रिय झाल्या. त्यांची शीर्षकगीते आज पन्नाशीकडे झुकलेल्या अनेक ब्रिटिशांना तोंडपाठ आहेत, परंतु ही चित्रे मोठ्या प्रमाणात टोकियोत रंगवली गेली, याची त्यांना तेव्हा कल्पना नव्हती. १९९०च्या दशकारंभी आलेल्या मुमिन कुटुंबाच्या मालिकेबाबतही हेच झाले. कथा फिनलंडची असल्याने तिचा जपानशी संबंध असेल, हे कोणाच्या मनातही आले नाही.

येथे भाषेचा मुद्दा निर्णायक ठरतो. फ्रेंच, इटालियन किंवा स्पॅनिश वाहिनीला जपानी मालिका घेताना स्वतःच्या भाषेत डबिंग करावेच लागे. त्यासाठी संवादलेखक, आवाज देणारे नट आणि गायक उभे राहिले, आणि मालिका त्या त्या देशाच्या होऊन गेल्या. भारतातही डोरेमॉन व शिनचॅन हिंदी बोलू लागल्यावरच घरचे झाले. ब्रिटनला मात्र अमेरिकेतून तयार इंग्रजी आवृत्ती मिळत असल्याने स्वतः डबिंग करण्याचे कारणच उरले नाही. परिणामी, अमेरिकेने जे घेतले नाही ते ब्रिटनलाही बहुधा मिळाले नाही, आणि जे मिळाले ते अमेरिकेने काटछाट केलेल्या रूपात, अमेरिकी उच्चारांत आणि उशिराने मिळाले. समान भाषा ही येथे सोय न ठरता अडसर ठरली.

याला एक बोलका अपवाद आहे, आणि तो ॲनिमेचा नाही. १९७८ची ‘मंकी’ ही जिवंत नटांनी काम केलेली जपानी मालिका बीबीसीने स्वतः इंग्रजीत आणली. डेव्हिड वेअर यांनी तिचे खटकेबाज इंग्रजी संवाद लिहिले, मायकेल बेकवेल यांनी डबिंगचे दिग्दर्शन केले, आणि १९७९पासून बीबीसी टूवर आलेली ही मालिका ब्रिटनमध्ये आजही जिव्हाळ्याने आठवली जाते. (ज्या बौद्ध भिक्षूच्या भारतयात्रेवर ही कथा बेतली आहे, तो ह्युएन त्संग सातव्या शतकात महाराष्ट्रातही आला होता आणि येथील लोकांच्या स्वाभिमानी स्वभावाविषयी त्याने लिहून ठेवले आहे.) ब्रिटिश वाहिनीने जपानी मालिका आपली मानून तिच्यावर मेहनत घेतली, तर प्रेक्षक ती स्वीकारतात, याचा हा पुरावा होता. बीबीसीने ही पद्धत ॲनिमेशनकडे वळवली नाही.

ॲनिमे हे नाव सर्वसामान्य ब्रिटिशांच्या कानी पडले ते १९९०च्या दशकात, आणि तेही वादग्रस्त रूपात. ‘अकिरा’ हा चित्रपट १९९१मध्ये लंडनमध्ये प्रदर्शित झाला. त्याचे यश पाहून संगीतक्षेत्रातील उद्योजक ख्रिस ब्लॅकवेल यांच्या समूहातून ‘मांगा एंटरटेनमेंट’ ही व्हिडिओ कंपनी उभी राहिली. कंपनीच्या नावामुळे एक गंमतशीर गोंधळ झाला. जपानीत ‘मांगा’ म्हणजे चित्रकथा, पण ब्रिटनमध्ये बराच काळ ॲनिमेशनलाच मांगा म्हटले जाऊ लागले. कंपनीने विज्ञानकथा, रक्तपात आणि लैंगिक हिंसा असलेली शीर्षके आक्रमकपणे विकली. मोठ्यांसाठीचे प्रमाणपत्र मिळावे म्हणून मूळ संवादांत नसलेल्या शिव्या इंग्रजी डबिंगमध्ये घातल्या जात, असे चाहते सांगतात, आणि ‘सायबर सिटी ओडो ८०८’चे डबिंग ऐकल्यास ते खरे वाटते. हे डबिंग लंडनमध्येच, त्याच मायकेल बेकवेल यांच्या देखरेखीखाली झाले. मात्र या वेळी नटांना अमेरिकी ढंगात बोलायला लावले होते. ब्रिटिश वृत्तपत्रांतील सनसनाटी पानांनी या कॅसेटवर झोड उठवली. १९८४च्या व्हिडिओविषयक कायद्याने बहुतेक कॅसेटना प्रमाणपत्र सक्तीचे केले होते आणि परीक्षण मंडळाने काही शीर्षकांना कात्री लावली.

कंपनीची विक्री यामुळे वाढली असेल, पण दूरचित्रवाणीवरील ॲनिमेच्या भवितव्याला या प्रसिद्धीने धक्का दिला. ब्रिटनमध्ये रात्री ९ ही ‘वॉटरशेड’ म्हणजे मुलांच्या व मोठ्यांच्या कार्यक्रमांमधील सीमारेषा मानली जाते. ॲनिमेशन ही मुलांची गोष्ट, म्हणून तिची जागा नऊच्या आधी. जपानी ॲनिमेशन हिंसक, म्हणून तिची जागा मध्यरात्रीनंतर, असा पेच वाहिन्यांच्या मनात तयार झाला. बीबीसी टू आणि चॅनल फोर यांनी त्या काळात काही चित्रपट व लघुमालिका उशिरा रात्री दाखवल्या, पण कुतूहलाचा विषय म्हणून. चौदा-पंधरा वर्षांच्या प्रेक्षकासाठी, गंभीर आशयाची, आठवड्यामागून आठवडा चालणारी, सव्वीस किंवा बावन्न भागांची सलग कथा, म्हणजे ॲनिमेचा जो खरा गाभा आहे, त्यासाठी या वेळापत्रकात कप्पाच नव्हता. ब्रिटिश मालिका सहा-आठ भागांत आटोपतात आणि ‘द सिम्पसन्स’च्या यशानंतरही मोठ्यांसाठीचे ॲनिमेशन म्हणजे विनोदी ॲनिमेशन, हेच समीकरण रूढ राहिले.

मुलांच्या कप्प्यात बसणारे ॲनिमे मात्र १९९९ नंतर जोरात चालले. ‘पोकेमॉन’ आधी स्काय वन या उपग्रह वाहिनीवर आणि मग आयटीव्हीच्या ‘एसएमटीव्ही लाइव्ह’ या शनिवार सकाळच्या कार्यक्रमात आले, आणि शाळांच्या पटांगणांत पोकेमॉनची चित्रे असलेल्या खेळाच्या पत्त्यांची देवघेव सुरू झाली. ‘डिजिमॉन’, ‘युगिओ’ आणि ‘ड्रॅगन बॉल झेड’ त्यापाठोपाठ आले. हे यश खेळणी आणि पत्ते यांच्या विक्रीशी बांधलेले होते आणि पुन्हा अमेरिकी संपादनातूनच पोहोचलेले होते. त्या मुलांचे वय वाढले, तेव्हा त्यांना पुढची पायरी दाखवणारी वाहिनी नव्हती.

ती पायरी बांधण्याचे दोन प्रयत्न उल्लेखनीय आहेत. ऑक्टोबर २००२मध्ये ‘सीएनएक्स’ ही वाहिनी सुरू झाली. तरुण पुरुषांसाठी मारधाडीचे चित्रपट आणि ॲनिमे असा तिचा बेत होता, पण वर्षभरात तिचे रूपांतर ‘टूनामी’ या मुलांच्या वाहिनीत झाले. सप्टेंबर २००७मध्ये आलेली ‘ॲनिमेसेंट्रल’ ही अधिक नेकीची होती. मुलींच्या ‘पॉप गर्ल’ वाहिनीची जागा रात्री ९ नंतर घेऊन ती ‘काउबॉय बीबॉप’, ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ आणि ‘घोस्ट इन द शेल’ची मालिका दाखवत असे, पण ऑगस्ट २००८मध्ये ती बंद पडली. तिच्या अपयशाचा दोष चाहत्यांना देणे योग्य नाही. त्या सुमारास ब्रिटिश चाहता जपानमध्ये प्रसारित झालेला भाग हौशी मंडळींनी घातलेल्या उपशीर्षकांसह काही दिवसांतच इंटरनेटवरून उतरवून घेत होता. वाहिनी त्याला दाखवत होती त्या मालिका त्याने डीव्हीडीवर केव्हाच पाहिलेल्या होत्या.

त्याच वर्षांत मुलांच्या दूरचित्रवाणीचा आर्थिक पायाही खचत होता. मुलांना उद्देशून केल्या जाणाऱ्या चरबी, मीठ व साखरयुक्त खाद्यपदार्थांच्या जाहिरातींवर २००७पासून टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि व्यावसायिक वाहिन्यांचे या क्षेत्रातील उत्पन्न घटले. बीबीसीने २०१२च्या अखेरीस मुलांचे कार्यक्रम बीबीसी वनवरून काढून स्वतंत्र बालवाहिन्यांकडे सोपवले, आणि २०२३मध्ये आयटीव्हीची बालवाहिनी बंद झाली. ज्या दारातून ॲनिमे आत येत होते, ते दारच अरुंद झाले.

उपशीर्षकांबाबतचा पूर्वग्रहही नमूद करायला हवा, जरी त्याला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते. ब्रिटिश प्रेक्षक उपशीर्षके वाचत नाहीत, हे विधान डेन्मार्कच्या गुन्हेकथांनी २०११ नंतर खोटे पाडले. बीबीसी फोरवर शनिवारी रात्री त्या आवडीने पाहिल्या गेल्या. फरक एवढाच, की डॅनिश मालिकेला प्रौढ, सुशिक्षित प्रेक्षकाची मालिका म्हणून वागवले गेले आणि जपानी ॲनिमेशनला तसे वागवण्याचे धाडस क्वचितच झाले.

आज ब्रिटनमध्ये ॲनिमे मुख्यतः नेटफ्लिक्स आणि ॲनिमेला वाहिलेले क्रंचीरोल या इंटरनेट सेवांवर पाहिले जाते. ग्लासगोमधील ‘ॲनिमे लिमिटेड’ सारख्या कंपन्या चित्रपटगृहांत आणि डिस्कवर ते आणतात आणि २०१०पासून ‘स्कॉटलंड लव्ह्ज ॲनिमे’ हा महोत्सव भरतो. २०२२मध्ये रॉयल शेक्सपियर कंपनीने लंडनच्या बार्बिकनमध्ये ‘माय नेबर तोतोरो’ हा स्टुडिओ घिबली या जपानी ॲनिमेशन संस्थेचा चित्रपट रंगभूमीवर आणला आणि त्याला मोठी गर्दी झाली. दूरचित्रवाणीवर टिकून राहिलेली ठळक जागा म्हणजे फिल्म फोर ही वाहिनी, जी स्टुडिओ घिबलीचे चित्रपट वारंवार दाखवते. कधी इंग्रजी डबिंगसह, कधी मूळ जपानी आवाज आणि उपशीर्षकांसह.