नाशिकची काळी माती आणि पोर्सेलिन

काळी माती आणि पोर्सेलिन हा नाशिकच्या सिरॅमिक स्टुडिओतला जमता न जमणारा जोडा. एक शेतातून बादलीभर आणली तरी कोणी विचारत नाही अशी, दुसरी गोणीत भरून बाहेरून येणारी पांढरी, जिला आपण घरी चिनी माती म्हणतो (लोणच्याची बरणी मात्र बहुतेकदा स्टोनवेअरची, म्हणजे जाड आणि घट्ट भाजलेल्या मातीची असते, पोर्सेलिनची नाही).

पोर्सेलिन म्हणजे साधारण ५० टक्के केओलीन (शुद्ध पांढरी माती), २५ टक्के फेल्डस्पार (भट्टीत वितळणारं खनिज) आणि २५ टक्के क्वार्ट्झ (गारगोटी). स्टुडिओत हे १२६० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजतात, मग ते काचेसारखं घट्ट होतं आणि भांडं पातळ असेल तर उजेड आरपार दिसतो. केओलीन हे नाव चीनमधल्या जिंगडेझेनजवळच्या गावलिंगवरून आलंय. युरोपला हे गुपित १७०८ च्या सुमारास जर्मनीतल्या ड्रेस्डेनमधे उलगडलं, १७१० मधे माइसेनचा कारखाना निघाला.

नाशिकला केओलीन नाही कारण इथला सगळा दगड बेसॉल्ट, आणि तो झिजून जी माती होते तिच्यात लोह भरपूर, वर मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज जे पाणी पिऊन फुगतं आणि वाळताना आक्रसतं, मे महिन्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या ह्याच्यामुळेच. कुंभार त्यात लीद, राख, वाळू मिसळून माती ताळ्यावर आणतात आणि आव्यात कमी तापमानाला भाजतात, ही जुनीच विद्या आहे, गोदाकाठच्या गढीवर १९५०-५१ मधे सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनची खापरं सापडली.

पण तीच माती पोर्सेलिनच्या तापमानाला नेली की आधी फुगते, मग वितळून भट्टीतल्या शेल्फला चिकटते, आणि शेल्फ महाग असतं. खरी गंमत इथून सुरू होते, कारण जे वितळतं त्याचं ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, करता येतं. पांढऱ्या भांड्यावर काळ्या मातीचा पातळ हात दिला तर तपकिरी ते काळसर चकाकी येते. फक्त कच्ची माती लावली तर ती वाळताना आक्रसून पोपडे धरते, म्हणून निम्मी माती आधी ७०० अंशांच्या आसपास भाजून घ्यायची, उरलेली कच्ची मिसळायची आणि ८० मेशच्या (इंचाला ८० भोकांच्या) चाळणीतून गाळायचं. चुनखडीचे खडे तर काढायचेच. साध्या मातीच्या भांड्यात एखादा राहिला तर भट्टीनंतर आठवड्याने हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि भांड्याचा टवका उडतो, तोवर भांडं कोणाला तरी भेट दिलेलं असतं!

दुसरा इथलाच माल म्हणजे द्राक्षवेलीच्या काड्या. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बागेच्या कडेला ढीग पडतात, त्यांची राख चुना आणि पोटॅशने भरलेली असते आणि ग्लेझ वितळवायला मदत करते. चाळताना हातमोजे घाला, राख ओली झाली की हात सोलून काढते. गॅसच्या भट्टीत हवा कमी ठेवली आणि पारदर्शक ग्लेझमधे १-२ टक्केच लोह येईल इतकीच काळी माती टाकली तर सेलाडॉन नावाचं हिरवट ग्लेझ मिळू शकतं, पण बेसॉल्टमधे टायटॅनियमही असल्याने रंग थोडा गढूळ येतो. मला तो गढूळपणाच आवडतो, सगळ्यांना आवडेल असं नाही. इलेक्ट्रिक भट्टीत हे होत नाही, तिथे लोह तपकिरी-पिवळ्यावरच जातं.

पोर्सेलिनची स्वतःची नाटकंही आहेत. ते चाकावर लवकर ढेपाळतं आणि वाकलेली कड सरळ केली तरी भट्टीत परत वाकते, कारण मातीला सगळं आठवतं. आकसणं मोजायला ओल्या पट्टीवर १० सेंटीमीटरची रेघ मारतात, भाजून ती ८.७ आली तर १३ टक्के. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत कड आधी वाळते आणि बूड ओलंच राहतं म्हणून प्लास्टिक झाकावं लागतं, पावसाळ्यात उलट, तीन दिवस झाले तरी भांडं गारच लागतं. आणि ५७३ अंशांना क्वार्ट्झ आकार बदलतं, तिथे भट्टी सावकाश चढवायची आणि उतरवायचीही, नेमकी तेव्हाच लाइट गेली तर झाकण उघडून बघायचा मोह आवरायचा.