चोचीच्या मुखवट्याचे खरे वय

व्हेनिसच्या कार्निव्हलमधला लांब चोचीचा पांढरा मुखवटा पाहिला की, 'चौदाव्या शतकातल्या काळ्या मृत्यूच्या, म्हणजे प्लेगच्या, साथीत वैद्य हाच घालून फिरत', असे हमखास सांगितले जाते. हे खरे नाही. ती साथ युरोपात १३४७ ते १३५१ या काळात पसरली, तर चोचीचा वेश सतराव्या शतकातला असून त्याचे श्रेय सहसा फ्रेंच राजवैद्य शार्ल द लोर्म यांना दिले जाते. दूषित हवेतून रोग येतो अशी तेव्हा समजूत असल्यामुळे त्या पोकळ चोचीत सुगंधी वनस्पती भरत, म्हणजे श्वास त्यांच्यातूनच आत यावा.

शिवाय व्हेनिस स्वतंत्र प्रजासत्ताक असताना, त्याच्या भरभराटीच्या काळात, त्याची खरी ओळख होती ती 'बाउता' या मुखवट्याची. काळा झगा, त्रिकोणी टोपी आणि हनुवटीपाशी पुढे झुकलेला, तोंडाला न चिकटणारा पांढरा चेहरा असा हा वेश असे. त्या पुढे आलेल्या भागामुळे मुखवटा न काढता खाता-पिता येई आणि आवाजही बदले. मला हा बारकावा फार मोलाचा वाटतो, कारण ओळख लपवणे हाच त्याचा हेतू होता आणि उमराव व सामान्य नागरिक तो सारखाच वापरत.

१७९७ मध्ये प्रजासत्ताक कोसळल्यावर ही परंपरा ओसरली. १९७९ च्या सुमारास कार्निव्हल पुन्हा सुरू झाला आणि चोचीचा वैद्य दुकानांतून घराघरांत पोहोचला तो त्यानंतरच.